टिव्हर्टनचे विणकर आणि जळून गेलेली मृत्युपत्रं : प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५

सासूबाईंच्या माहेरच्या घराण्याचं काम आजपासून नीट हातात घेतलंय. त्यांचं माहेर इंग्लंडच्या डेव्हन काउंटीतलं टिव्हर्टन. तिथे ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सर्ज विणायची, म्हणजे लोकरीचं टिकाऊ कापड, जे एके काळी एक्सेटरहून जहाजं भरभरून हॉलंड-स्पेनला जायचं. जनगणना आणि चर्चची बाप्तिस्मा-लग्न-दफन रजिस्टरं धरून १७२९ पर्यंत मागे पोचता आलं आणि गाडी तिथे थांबली. १७२९ ला लग्न केलेला जो जॉन, आमचा जॉन, त्याचे आईबाप कोण हे ठरत नाही, कारण गावात त्याच आडनावाचे दोन जॉन, एकाचा बाप्तिस्मा १७०१ चा, दुसऱ्याचा १७०४ चा, दोघांचे बाप विणकामातले, आणि रजिस्टरमध्ये बापाच्या नावापलीकडे काही लिहिलेलंच नाही. ऑनलाइन वंशवृक्षांवर लोकांनी सरळ थोरला जॉन चिकटवून टाकलाय आणि एकमेकांचं बघून तेच पुढे उतरवलंय, पुरावा कुणीच दिलेला नाही.

म्हणून मृत्युपत्रांकडे वळायचं. मुंबईत घर नावावर करताना ज्यांनी प्रोबेटसाठी खेपा घातल्यात त्यांना शब्द ओळखीचा असेल. इथेही अर्थ तोच, माणूस गेला की त्याचं मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाने मान्य करायचं आणि एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करणाऱ्या माणसाला, पुढचं करायला मोकळीक द्यायची. पण इंग्लंडमध्ये १२ जानेवारी १८५८ पर्यंत हे काम चर्चच्या कोर्टांकडे होतं, आणि अशी लहानमोठी कोर्टं देशभर शेकडो होती. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यायांच्या वहीत माझ्या खापरपणजोबांपर्यंतची नावं एका पानावर मिळाली होती. इथे अशी वही कुणी ठेवली नाही, त्यातल्या त्यात जवळची गोष्ट म्हणजे मृत्युपत्र, कारण त्यात माणूस स्वतः सांगतो की माझं कोण कोण आहे.

२५ जानेवारी

१८५८ नंतरचं आज उरकून टाकलं, ते सोपं आहे. अख्ख्या देशाची वर्षावार एकच सूची, नॅशनल प्रोबेट कॅलेंडर, ऑनलाइन बघता येते. जुनी मंडळी अजून "सॉमरसेट हाउसचं विल" म्हणतात कारण १८७४ पासून कितीतरी वर्षं मुख्य रजिस्ट्री लंडनच्या त्या इमारतीत होती. सूचीतल्या चार ओळींतच पत्ता, धंदा, मृत्यूची तारीख, प्रोबेट कुणी घेतलं आणि मालमत्ता किती एवढं कळतं. घराण्यातले एक बेकर १८६७ मध्ये गेले, प्रोबेट विधवेने घेतलं, मालमत्ता "शंभर पौंडांच्या आत". त्या काळात नेमकी रक्कम न देता असे टप्पे देत, आणि जमीन त्यात धरत नसत, त्यामुळे आकडा लहान दिसला म्हणून लगेच माणूस गरीब ठरवू नये.

२ फेब्रुवारी

आता १८५८ च्या आधीचं. कुठल्या कोर्टात बघायचं हे आधी ठरवावं लागतं. तळाला आर्चडीकनचं कोर्ट, त्याच्या वर बिशपचं, आणि सगळ्यात वर दोन आर्चबिशपांची प्रेरॉगेटिव्ह कोर्टं, उत्तरेला यॉर्क आणि दक्षिणेला कँटरबरी. माणसाची मालमत्ता एकाच बिशपच्या हद्दीत असेल तर काम खालीच व्हायचं, पण दोन हद्दींत प्रत्येकी पाच पौंडांच्या वर काही असलं (लंडनसाठी दहा) तर प्रकरण वरच्या कोर्टात. श्रीमंत लोक, परदेशात मेलेले लोक, आणि ज्यांना मोठ्या कोर्टाचा शिक्का हवा असायचा ते लोक कँटरबरीला जायचे. त्या कोर्टाचे कागद, १३८४ पासून १८५८ पर्यंतचे, आता लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. शेक्सपिअरचं १६१६ चं मृत्युपत्रसुद्धा तिथलंच, ते बायकोला घरातला दुसऱ्या क्रमांकाचा चांगला पलंग दिलेलं.

टिव्हर्टन एक्सेटरच्या हद्दीत. म्हणजे आमच्या विणकरांची मृत्युपत्रं एक्सेटरच्या रजिस्ट्रीत असायला हवीत. आणि ती तिथे होती, मे १९४२ पर्यंत. ३ मेच्या रात्री जर्मन विमानांनी एक्सेटरवर बॉम्ब टाकले, जर्मनीतल्या ल्युबेकवर ब्रिटिशांनी जो हल्ला केला त्याचा बदला म्हणून ऐतिहासिक शहरं निवडून केलेल्या हल्ल्यांपैकी हा एक, आणि ४ मेच्या पहाटेपर्यंत रजिस्ट्री आतल्या कागदांसकट जळून गेली. डेव्हनची शेकडो वर्षांची मृत्युपत्रं त्यात गेली. शेजारच्या सॉमरसेट काउंटीची पण गेली, कारण तीही तिथे आणून ठेवली होती. कॉर्नवॉलच्या आर्चडीकनची बॉडमिनला होती म्हणून वाचली.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या की माझ्या आईने ती आग टिव्हर्टनहून बघितली होती, आकाश लाल झालं होतं.

९ फेब्रुवारी

कागद जळले, पण त्यांची सूची वाचली. ब्रिटिश रेकॉर्ड सोसायटीने डेव्हन-कॉर्नवॉलच्या मृत्युपत्रांच्या सूच्या १९०८ आणि १९१४ ला छापून ठेवल्या होत्या. नाव, गाव, साल, एवढंच. आज दुपारभर त्या घेऊन बसले. आमचं आडनाव टिव्हर्टनपुढे कितीतरी वेळा येतं, एक विणकर १६३१, एक विधवा १६६८, एक १७१५, एक १७४६, आणि प्रत्येक ओळीमागे एक अख्खा कागद होता ज्यात मुलांची, जावयांची, शेजाऱ्यांची नावं असणार, आणि तो आता जगात कुठेच नाही. हे वाचताना फार वाईट वाटतं, यादीत आपलंच आडनाव असलं की जास्तच.

तरी सूचीचा उपयोग आहे. साल मिळालं की दफनाची नोंद शोधता येते, आणि मृत्युपत्र केलं होतं म्हणजे घरात काहीतरी वाटण्यासारखं होतं हेही कळतं. शिवाय ऑलिव्ह मोगर नावाच्या बाईंनी आगीच्या आधी रजिस्ट्रीत बसून ढीगभर डेव्हन मृत्युपत्रांच्या नकला आणि सारांश उतरवले होते, ते टाइप केलेले खंड एक्सेटरला आहेत. या बाईंचे डेव्हनच्या लोकांवर केवढे उपकार आहेत हे शब्दांत सांगता येणार नाही. कुठल्या मृत्युपत्राची नक्कल कुठे वाचली आहे हे एकत्र सांगणारा डेव्हन विल्स प्रोजेक्टचा इंडेक्स आता ऑनलाइन आहे, पुढचं सगळं काम त्याच्यावरूनच करणार.

काम करायची दिशा आज ठरली. आपल्या माणसाचं मृत्युपत्र नसेल तर ज्यांनी त्याचं नाव घेतलं असेल त्यांची मृत्युपत्रं शोधायची. मामा, आत्या, सासरा, मालक, शेजारी, कुणीही.

२३ फेब्रुवारी

पहिला मोठा मासा गळाला लागला!

१६५३ ते १६६० या वर्षांत, राजाचं डोकं उडवल्यानंतरच्या काळात, चर्चची कोर्टंच बंद होती, आणि इंग्लंड-वेल्समधलं प्रत्येक मृत्युपत्र लंडनच्या एकाच कोर्टात सिद्ध करावं लागायचं. ते कागद कँटरबरीच्या दप्तरात मिसळलेले आहेत, म्हणजे क्यूला, म्हणजे आगीपासून सुरक्षित. जो साधा विणकर एरवी एक्सेटरच्या पलीकडे गेला नसता त्याचं मृत्युपत्र केवळ या सात वर्षांत मेला म्हणून आज वाचायला मिळतं. डेव्हनमध्ये ज्यांची मुळं आहेत त्यांनी सगळ्यात आधी ही वर्षं चाळावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

क्यूच्या दप्तरातली प्रॉब ११ ही कँटरबरी कोर्टाच्या मृत्युपत्रांची मालिका, तिच्या इमेज डाउनलोड होतात. त्यात आमच्या आडनावाचा टिव्हर्टनचा एक कापडवाला निघाला, मृत्युपत्र फेब्रुवारी १६५६ चं, प्रोबेट मे १६५७ चं. बघताक्षणी वाटतं की मृत्युपत्र केल्यावर पंधरा महिने जगला. तसं नाही. तेव्हा इंग्लंडमध्ये कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, १७५२ पर्यंत तसंच चाललं, त्यामुळे त्यांचा फेब्रुवारी १६५६ म्हणजे आपला फेब्रुवारी १६५७. म्हणजे आजारी पडला, मृत्युपत्र केलं आणि तीन महिन्यांच्या आत गेला. बहुतेकांचं असंच असायचं, मृत्युपत्र मरणाच्या दारात करायचे, "शरीराने आजारी पण स्मरणाने शाबूत" हे वाक्य जवळजवळ प्रत्येकात असतं.

अक्षर वाचायला पहिला तास जातोच. विरामचिन्हं जवळपास नाहीत, "आयटम" हा शब्द आला की नवीन देणगी सुरू झाली एवढीच खूण. रोमन आकड्यांत शेवटच्या आयचं जे करतात, म्हणजे तीनसाठी दोन आय आणि एक जे. नॅशनल आर्काइव्हजचा जुनं अक्षर वाचायला शिकवणारा फुकट कोर्स आहे, तो आधी केला होता त्याचा फार फायदा झाला. एक बरं, एरवी शेवटचा प्रोबेटचा परिच्छेद १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये असतो, पण या सात वर्षांत तोही इंग्रजीत.

आता आतलं. थोरल्या मुलाला बारा पेन्स आणि चांगला कोट, बस. असं दिसलं की लोक म्हणतात बापाने मुलाला तोडलं, पण पुढच्याच ओळीत लिहिलंय की त्याला माग आणि दुकान आधीच दिलेलं आहे. बारा पेन्स अशासाठी की नंतर कुणी म्हणू नये बाप मला विसरला. थोरल्याचं नाव मृत्युपत्रात अजिबात नसलं तरी तेच, घर-जमीन त्याच्याकडे आधीच गेलेली असू शकते.

पुढे एका पोराला "सन-इन-लॉ" म्हटलंय, आणि कापडवाल्याची एकही मुलगी लग्नाच्या वयाची नाही. त्या काळात सावत्र मुलालाही हाच शब्द वापरायचे. म्हणजे बायको आधी विधवा होती आणि पहिल्या नवऱ्याचा मुलगा घेऊन आली. रजिस्टरमध्ये तिचं दुसरं लग्न शोधलं तर सापडलं, १६४९ चं.

आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे घराचा भाडेपट्टा "तीन जिवांवर". ही खास पश्चिमेकडची पद्धत, ९९ वर्षांचा पट्टा पण कागदात नाव घातलेली तीन माणसं जिवंत असेपर्यंतच चालणार, तिसरा गेला की संपला. त्यामुळे लोक त्यात लहान मुलांची नावं घालायचे. इथे तिसरा जीव म्हणजे त्याचा धाकटा मुलगा, "वय पाच किंवा त्याच्या आसपास". बाप्तिस्म्याची नोंद नसलेल्या मुलाचं वय मृत्युपत्रातून मिळालं. हा धाकटा आमच्या दोन जॉनांचा आजोबा असू शकतो, पण अजून जोडणी झालेली नाही, बाजूच्या फाइलमध्ये ठेवलाय.

१३ मार्च

एक्सेटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरला जाऊन आले. १७९६ पासून वारशावर कर होता, आणि त्या कर खात्याकडे मृत्युपत्रांच्या नकला जायच्या. बाकी देशाच्या नकला नंतर नष्ट केल्या पण डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेटच्या १८१२ ते १८५७ च्या मुद्दाम ठेवल्या, कारण मूळ कागद जळालेले. त्यात आमच्या बेकरच्या वडिलांचं १८३९ चं मृत्युपत्र मिळालं. १८३७ च्या कायद्यानंतरचं असल्यामुळे दोन साक्षीदार वगैरे सगळं व्यवस्थित, भट्टी मुलाला, सामान बायकोला, मुलींना सारखे वाटे. क्यूला आयआर २६ नावाच्या मालिकेत या कराची रजिस्टरं आहेत, तिथे शेवटी प्रत्यक्ष कुणाला काय मिळालं ते लिहिलेलं असतं. मृत्युपत्रात इच्छा असते, या रजिस्टरात कर्ज-खर्च फेडून उरलं किती ते असतं. आमच्याकडे फारसं उरलं नव्हतं.

जॉनच्या प्रश्नाला याचा उपयोग नाही, शंभर वर्षं पुढचं आहे.

३० मार्च

इंडेक्समध्ये आडनाव सगळ्या गावांसाठी चाळलं आणि उफकल्म दिसलं. टिव्हर्टनच्या पूर्वेला जवळच असलेलं गाव, तेही सर्ज विणणारं. एक अविवाहित बाई, मृत्युपत्र १७२७, प्रोबेट १७२८, आणि पुढे लिहिलंय की मूळ कागद अस्तित्वात आहे!

कारण मला फार आवडलं. उफकल्म भूगोलाने डेव्हनमध्ये, एक्सेटर तिथून हाकेच्या अंतरावर, पण ते चर्च मध्ययुगापासून सॉल्झबरी कॅथेड्रलच्या एका पदाला जोडलेलं होतं, त्यामुळे गावाचं स्वतःचं वेगळं चिमुकलं कोर्ट, ज्याला पेक्युलिअर म्हणतात, आणि त्याचे कागद जायचे सॉल्झबरीला. एक्सेटर जळलं तेव्हा उफकल्मची मृत्युपत्रं दुसऱ्या काउंटीत निवांत होती. आता ती विल्टशरच्या चिपनहॅममधल्या हिस्ट्री सेंटरमध्ये आहेत. आपलं गाव कुठल्या कोर्टाखाली येत होतं हे नकाशावर अंतर मोजून ठरवू नये, पेक्युलिअरची यादी बघावी.

आणि अविवाहित बाई म्हणजे तर पर्वणीच. १८८२ च्या कायद्याआधी लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता यायचं नाही, म्हणून बायका भेटतात त्या विधवा नाहीतर बिनलग्नाच्या. बिनलग्नाच्या आत्याला स्वतःची मुलं नाहीत, मग ती भाऊ, बहिणी, भाचरं सगळ्यांना आठवून आठवून काहीतरी देते. बापाच्या मृत्युपत्रात "माझ्या मुलांना सारखं" एवढ्यावर काम भागतं, आत्याच्या मृत्युपत्रात नावं असतात.

१० एप्रिल

चिपनहॅम. प्रॉब ११ मध्ये आपण बघतो ती कारकुनाने रजिस्टरात उतरवलेली नक्कल असते, इथे मूळ कागद. घडीच्या रेघांवर मळ साचलेला, खाली लाल लाखेचा ठसा अर्धा तुटलेला, आणि शेजारी तिची निशाणी. तिला लिहिता येत नव्हतं, उलटा सी काढल्यासारखी खूण, रेघ शेवटी थरथरलीय. तीनशे वर्षांपूर्वी हा कागद तिच्या हाताखाली होता. थोडा वेळ मी नुसती बघत बसले.

मग वाचायला घेतलं, आणि जे हवं होतं ते अगदी तसंच मिळालं. "माझा कझिन जॉन, माझा भाऊ टॉमस, टिव्हर्टनचा विणकर, याचा मुलगा, याने बाँडवर माझ्याकडून घेतलेले वीस पौंड मी त्याला सोडते." बाँड म्हणजे लेखी कर्जरोखा. कझिन म्हणजे इथे पुतण्या, तेव्हा हा शब्द कुठल्याही नातलगाला चालायचा, म्हणून "भावाचा मुलगा" हे पुढचे शब्द फार महत्त्वाचे. आणि चार ओळींनंतर, "माझा दुसरा कझिन जॉन, माझा दिवंगत भाऊ विल्यम याचा मुलगा, सध्या ईस्ट इंडियाच्या जहाजावर, तो घरी परत आला तर पाच पौंड, आणि न आला तर तेच पाच पौंड त्याच्या बहिणीला."

दोन्ही जॉन एकाच कागदात! दोघंही तिचे पुतणे, म्हणजे एकमेकांचे चुलतभाऊ. रजिस्टरप्रमाणे १७०१ चा जॉन विल्यमचा आणि १७०४ चा टॉमसचा. ज्याला सगळे वंशवृक्ष आमचा जॉन म्हणतात तो थोरला १७२७ मध्ये समुद्रावर होता.

सोबत मालमत्तेची यादी पण जोडलेली आहे, इन्व्हेंटरी. १५२९ च्या कायद्याने एक्झिक्युटरला ती करून द्यावी लागायची, दोन-चार शेजारी घरात फिरून प्रत्येक वस्तूची किंमत लावायचे, साधारण अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या याद्या भरपूर मिळतात. सुरुवात नेहमी एकच, अंगावरचे कपडे आणि खिशातले पैसे. मग वरच्या खोलीतली पिसांची गादी आणि पलंग, पितळेची दोन पातेली, कथलाच्या सहा थाळ्या, एक चरखा, एक बायबल, खुर्ची एकच. आणि सगळ्यात शेवटी "विसरलेल्या आणि न दिसलेल्या वस्तू", दोन शिलिंग. एकूण सत्तावन्न पौंड, आणि त्यातले तब्बल शेहेचाळीस पौंड लोकांना बाँडवर दिलेलं कर्ज.

यावर जरा थांबून लिहिते, कारण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गावात बँक नव्हती. अविवाहित बायका आणि विधवा आपली शिल्लक व्याजाने द्यायच्या आणि खेड्यापाड्यातला पैसा अशाच फिरायचा. एका खुर्चीच्या घरात राहणारी, सही न येणारी ही बाई अर्ध्या घराण्याची सावकार होती. पुतण्याने वीस पौंड बहुतेक माग घ्यायला घेतले असतील, तेविशीतला पोरगा, दोन वर्षांनी त्याने लग्न केलं. आत्याने कर्ज सोडलं नसतं तर त्याने संसार मांडला असता का कोण जाणे. सासूबाईंच्या सगळ्या पिढ्या त्या बाँडच्या पुढे येतात. जमीन इन्व्हेंटरीत कधीच धरत नाहीत, पण हिच्याकडे ती नसावी, मृत्युपत्रात कुठे उल्लेख नाही.

१९ एप्रिल

एक्सेल शीट नव्याने मांडली. प्रत्येक मृत्युपत्रातल्या प्रत्येक नावाला एक ओळ, नातं जसं लिहिलंय तसंच्या तसं, आणि एक कॉलम "या तारखेला जिवंत". मृत्युपत्राचा सगळ्यात पक्का पुरावा हाच असतो असं मला वाटतं, अमुक दिवशी अमुक माणूस हयात आहे असं लिहिणाऱ्याला वाटत होतं. साक्षीदार, एक्झिक्युटर, इन्व्हेंटरीवर सही करणारे शेजारी, सगळ्यांना ओळ दिली. आत्याची एक्झिक्युटर तिची पुतणी आहे, समुद्रावरच्या जॉनची बहीण, म्हणजे भाऊ हयात असताना पण घरची चावी या मुलीकडे.

आता थोरला जॉन परत आला नाही हे दाखवायला हवं. तो १७२८ ला परत येऊन १७२९ ला लग्न करू शकतो ना, तेवढी फट आहे.

४ मे

आज एक्सेटरच्या आगीचा दिवस. डिसेंबर २०२३ मध्ये इथल्या न्याय मंत्रालयाने प्रस्ताव आणला होता की १८५८ नंतरच्या मृत्युपत्रांचे डिजिटल फोटो काढायचे आणि प्रसिद्ध माणसांचे सोडून बाकीचे मूळ कागद काही वर्षांनी नष्ट करायचे, साठवणीचा वर्षाचा ४५ लाख पौंड खर्च वाचेल म्हणून. इतिहासकार आणि वंशावळीवाले केवढे चिडले होते. चिपनहॅमची ती थरथरलेली निशाणी आणि लाखेचा ठसा बघितल्यापासून मला त्यांचं शंभर टक्के पटतं. कोण प्रसिद्ध आणि कोण नाही हे आज ठरवणार कोण? उफकल्मची आत्या कुठल्याच यादीत आली नसती.

२५ मे

फट बुजली.

परदेशात मेलेल्यांची प्रकरणं कँटरबरीच्या कोर्टात जायची, खलाशांची तर ढिगाने, कारण जहाजावरचा थकलेला पगार लंडनला मिळणार आणि तो घ्यायला प्रोबेट लागायचं. प्रॉब ११ मध्ये १७२९ ते १७३५ असं आडनाव लावलं आणि हा निघाला, जॉन, खलाशी, अविवाहित, प्रोबेट नोव्हेंबर १७३२. प्रोबेटचा परिच्छेद लॅटिनमध्ये, त्यात "समुद्रापलीकडच्या मुलखात" मेला असं. मृत्युपत्र जेमतेम दहा ओळींचं, खलाशांची असतात तसं. पण लिहिलं कुठे? बॉम्बे, १७३०. सगळं काही, पगार, पेटी, कपडे, टिव्हर्टनच्या बहिणीला. बहिणीचं नाव आत्याच्या एक्झिक्युटरचं तेच. साक्षीला दोन जहाजसोबती.

म्हणजे १७२९ ला टिव्हर्टनमध्ये लग्न करणारा हा नव्हे, १७३० ला तो मुंबईत स्वतःला अविवाहित म्हणवतोय. आमचा जॉन टॉमसचाच. दोन बाजूंनी पुरावा लागला, आता सगळं सविस्तर लिहून त्या वंशवृक्षवाल्यांनाही पाठवणार, नीट कागदांच्या नंबरांसकट.

माझं बालपण गिरगावात गेलंय त्यामुळे हे वाचताना अंगावर काटा आला. १७३० ची मुंबई म्हणजे कोटाच्या आतलं गाव, सेंट थॉमस चर्च बांधून बाराच वर्षं झालेली, आपण ज्याला चर्चगेट म्हणतो तो दरवाजा त्या चर्चकडे जाणारा. मुंबईचं मेयर्स कोर्ट १७२६ च्या सनदेने नुकतंच सुरू झालेलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या हद्दीतल्या मृत्युपत्रांचं कामही त्याच्याकडे. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, बहिणीला पैसे मिळाले का गं? प्रोबेट तिनेच घेतलंय, म्हणजे पगार मिळाला असणार असं मी म्हटलं.

१४ जून

शिल्लक कामं लिहून ठेवतेय. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत कंपनीच्या दप्तरात मुंबईच्या मृत्युपत्रांच्या आणि मालमत्तेच्या याद्यांच्या वेगळ्या मालिका आहेत, खलाशाची पेटी तिथे लिलावात विकली असेल तर यादी असायला हवी, कपड्यांसकट, कुणी किती आण्यांना काय घेतलं ते. मुंबईच्या दफनांची रजिस्टरं पण तिथेच, एन/३ मालिका, १७०९ पासूनची, त्यात १७३० ते १७३२ ही तीन वर्षं बघायची. क्यूला प्रॉब १० मध्ये खलाशाचं मूळ मृत्युपत्र आहे का ते बघायचं, ते आधी कळवून मागवावं लागतं, सही आहे की निशाणी हे त्यावरच कळेल.

आणि १६५७ च्या कापडवाल्याचा पाच वर्षांचा धाकटा मुलगा अजून मोकळाच आहे. तो टॉमस-विल्यम आणि आत्या या भावंडांचा बाप ठरतो का हे बघायला मोगरबाईंचे खंड पुन्हा उघडायचे, या वेळी आपलं आडनाव सोडून. तीन जिवांच्या पट्ट्यात दुसरा जीव म्हणून ज्या शेजाऱ्याचं नाव होतं त्याच्या घराण्यापासून सुरुवात करतेय.